डावा कोपरा

काळोखे माणसाच्या तोंडाकडे आधी कधी बघत नसत. पाय बघत. कारखान्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून मी रुजू झाले त्या दिवशी ते टाइम ऑफिसच्या खिडकीत बसले होते. माझं नावगाव विचारायच्या आधी त्यांनी खिडकीतून वाकून माझ्या चपलांकडे पाहिलं. मला राग आला. नगरहून एसटीनं धूळ खात आलेली मी, आणि हा मनुष्य खाली बघतोय. काही सांडलंय का, असं मी विचारलं. तेव्हा कुठे मान वर झाली.

"डाव्या पायाव जोर देता तुमी सिस्टर," ते म्हणाले. "उजवी टाच दुखती का?"

दुखत होती. नवी चप्पल लागली होती. मी ते कबूल केलं नाही, हा भाग वेगळा.

मुरलीधर काळोखे हे आमच्या साखर कारखान्याचे टाइमकीपर. चाळिशी ओलांडलेले, बुटके, रुंद. तरुणपणी तालमीत मोडलेला एक कान आणि त्या कानामागे कायम खोचलेली पेन्सिल. कामगार कधी आला नि कधी गेला, ते बघणं त्यांचं काम. भोंगा वाजून थांबला की त्यांची खिडकी बंद. मग धापा टाकत आलेला माणूस त्यांचा चुलतभाऊ असो नाहीतर चेअरमनसाहेबांच्या गावचा, त्याच्या नावापुढे उशिराची खूण पडायचीच. कोणी गयावया केली तर एवढंच म्हणायचे, "भोंग्याला पाव्हना न्हाई."

एकदा काळोखेवहिनींना विंचू चावला. काळोख्यांनी त्यांना सायकलच्या दांडीवर बसवून दवाखान्यात आणलं. मी इंजेक्शन दिलं, वहिनी विव्हळत होत्या, आणि तेवढ्यात बाहेर भोंगा झाला. ते तसेच धावत सुटले. खिडकीशी पोचेपर्यंत उशीर झालाच होता, तर त्यांनी स्वतःच्या नावापुढे उशिराची खूण केली आणि अर्ध्या दिवसाचा पगार कापून घेतला. संध्याकाळपर्यंत हे साऱ्या कॉलनीला माहीत झालं होतं. काळोख्यांनी ते कोणाला सांगितलं नसेल, त्यांचा तो स्वभाव नव्हता. पण सगळ्यांना ते ठाऊक आहे हे त्यांना आवडायचं. टपरीवर कोणी ती गोष्ट काढली की मोडक्या कानाची पाळी लाल व्हायची. पुढं जे झालं त्याचं मूळ इथंच होतं, पण तेव्हा ते आम्हाला कोणाला दिसलं नाही.

टाइमकीपर म्हणून ते आमच्या कारखान्याच्या आठवणीत राहिले नसते. राहिले ते कबड्डीच्या टीमसाठी. त्या वेळी जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या आपसात स्पर्धा व्हायच्या, आणि शेजारच्या कारखान्यानं लागोपाठ ढाल नेली होती. उसाच्या भावावरून जेवढी चुरस नसेल तेवढी या ढालीवरून. चेअरमनसाहेबांनी काळोख्यांना बोलावलं आणि टीम बांधायला सांगितलं. खेळाडूंना द्यायला पैसे नव्हते, नोकऱ्या होत्या. चांगला खेळाडू आणायचा, त्याला गाळपाच्या हंगामापुरतं कामाला लावायचं, आणि टीमनं नाव काढलं की पर्मनंट करायचं, असा तो व्यवहार. पोटाला भाकरी आणि डोक्यावर कॉलनीचं छप्पर मिळणार म्हटल्यावर पोरं जीव टाकून खेळायची.

चेअरमनसाहेबांच्या मनात पुण्याचा एक नावाजलेला चढाईपटू होता. गडी एकदा समोरच्या अंगणात शिरला की दोन-तीन माणसं मारूनच परतायचा. काळोख्यांनी नकार दिला. साहेबांना नकार देणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

"साहेब, चढाईवाला टाळ्या आनतो," ते म्हणाले. "ढाल कोपरे आनत्यात. आधी मला दोन कोपरे बघू द्या."

हे कोपऱ्याचं प्रकरण मला कळायला वेळ लागला. मी खेळ बघायचे तो फुटलेले ओठ आणि निखळलेले अंगठे नीट करण्यापुरता. काळोख्यांनी दवाखान्याच्या ओट्यावर कोळशानं मैदान काढून मला समजावलं. सात माणसं एकमेकांचे हात धरून उभी राहतात. दोन टोकाला दोघं असतात ते कोपरे. चढाई करणारा 'कबड्डी कबड्डी' म्हणत येतो, त्याला आत येऊ द्यायचं, आणि तो वळला की टोकाच्या माणसानं खाली झेपावून त्याचा घोटा धरायचा. घोटा सुटला तर लाथ तोंडावर. घोटा धरला आणि बाकीचे वेळेवर धावले नाहीत तरी लाथ तोंडावर. म्हणजे कोपऱ्यातल्या माणसानं आधी आपलं तोंड पणाला लावायचं आणि मग दुसऱ्यांवर भरवसा ठेवायचा. अशी माणसं पेठेत मिळत नाहीत, असं काळोख्यांचं म्हणणं होतं.

पहिला कोपरा त्यांना घरातच मिळाला. वहिनींचा धाकटा भाऊ सदा. काळोख्यांची सासरवाडी आमच्याच जिल्ह्यातल्या कर्जतकडची, कोरडी. आई लवकर गेल्यामुळे सदाला वहिनींनीच लहानाचा मोठा केला होता. काळोखे त्याला घेऊन आले तेव्हा वहिनी सात-आठ दिवस हसतच होत्या. सदा सडपातळ, काळासावळा, बोलायला अगदी कमी. पण डाव्या कोपऱ्यात उभा राहिला की समोरचा गडी त्या बाजूला जायचंच टाळायचा. एसटीतून उतरतानासुद्धा तो डावा पाय आधी टाकायचा आणि क्षणभर त्यावर थांबायचा. काळोखे मला कौतुकानं ते दाखवायचे. "तोंड खोटं बोलतं सिस्टर. पाय न्हाई बोलत."

उरलेले सहा त्यांनी कुठून कुठून जमवले. अकोले तालुक्याच्या डोंगरात गेले आणि भाताचे भारे घेऊन उतरणारी माणसं बघत बांधावर बसून राहिले. चढताना कोणीही दमतं, गुडघा कळतो तो उतरताना, असं म्हणून तिथून दोघं सख्खे भाऊ आणले. तालमीतला एक पैलवान आणला, तो मधोमध उभा करायला. नगरच्या बाजारात फण्या, सुया, आरसे विकणारा रशीद नावाचा एक काटकुळा मुलगा होता. तो सगळ्या मालाची नावं आणि किमती एका दमात म्हणायचा. काळोख्यांनी एक फणीही घेतली नाही, पण त्याला तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्या वेळी रशीद चिडला आणि चिडूनही त्याचा दम तुटला नाही. तो आमचा चढाईपटू झाला. पुण्याचा नावाजलेला गडी राहिला पुण्यातच.

पण खरी निवड व्हायची ती काळोख्यांच्या घरी, पंगतीत. शनिवारी संध्याकाळी ते सगळ्या पोरांना जेवायला घालायचे. वहिनी चुलीवर बाजरीच्या भाकरी आणि हुलग्याची शेंगोळी करायच्या, आणि काळोखे त्यांना मुद्दाम टोपल्यात भाकरी कमी ठेवायला सांगायचे. मग भिंतीला टेकून बघत बसायचे. शेवटची भाकरी कोणाकडे न बघता उचलणारा चढाईला पाठवायचा. अर्धी मोडून शेजाऱ्याला देणारा साखळीत. आणि ज्याचा हात टोपल्याकडे जातच नाही, कोणाचं ताट रिकामं आहे ते ज्याला आधी दिसतं, तो कोपऱ्यात. सदा दर वेळी स्वतःची भाकरी दुसऱ्याच्या ताटात सरकवायचा आणि नुसती शेंगोळी ओरपायचा. वहिनी आतून ओरडायच्या, मग त्याच्यासाठी वेगळी भाकरी टाकायच्या. एकदा मलाही बोलावलं होतं. मी कुठे उभी राहीन, असं मी गमतीनं विचारलं. काळोख्यांनी माझ्या ताटाकडे बघितलं. "तुमी खातच न्हाई, नुस्तं बघता. तुमी पंच," ते म्हणाले. ते चेष्टेत म्हणाले, मला मात्र ते जरा लागलंच.

पहिल्या वर्षी टीम अंतिम सामन्यापर्यंत गेली आणि थोडक्यात हरली. दुसऱ्या वर्षी सगळ्यांचा अंदाज होता की ढाल आमचीच. चेअरमनसाहेबांनी जाहीर करून टाकलं, यंदा मैदानात उतरतील ते सात पर्मनंट. बोर्डानं सात जागा मंजूर केल्या. सातच. त्या वेळी टीममध्ये आठवा एक मुलगा आला होता, देवळाली प्रवऱ्याचा पोपट. उंच, ताकदीचा, खेळण्याची हौस असलेला. तोही डाव्या कोपऱ्यातच खेळायचा. काळोखे त्याच्याबद्दल मला म्हणाले होते, पोरगं चांगलं आहे, दोन वर्षांत तयार होईल. दोन वर्षांत, हे त्यांचेच शब्द.

निवडीच्या आधी एका संध्याकाळी गेटसमोरच्या टपरीवर चहा चालला होता. मीही होते, औषधाच्या पेट्या आणायला जीप यायची होती तिची वाट बघत. एका डायरेक्टरांनी सगळ्यांदेखत काळोख्यांना विचारलं, "काय टाइमकीपर, टीम हाय का सासरवाडीचं वऱ्हाड?" सगळे हसले. कोणीतरी पुढं जोडलं की भोंग्याला पाहुणा नसतो, पण कोपऱ्याला असतो वाटतं. पुन्हा हसले. काळोखेही हसले. चहा मात्र त्यांनी तसाच ठेवला आणि सायकल हातात धरून चालत घरी गेले. सायकल असताना त्यांना चालताना मी कधी पाहिलं नव्हतं.

त्या शनिवारच्या पंगतीला वहिनींनी मला भाकरी थापायला मदतीला बोलावलं होतं. टीम ठरायची म्हणून गोडाचा शिरा केला होता. पोरं अर्धी जेवली तेव्हा काळोखे उभे राहिले आणि सात नावं म्हणाले. पैलवान, दोघे भाऊ, रशीद, असं करत शेवटी म्हणाले, "डावा कोपरा, पोपट."

 पोपटच्या हातातला घास तसाच राहिला. आत वहिनींनी तव्यावर भाकरी टाकली होती, ती त्यांनी उलटलीच नाही. करपल्याचा वास आला तेव्हा मी ती उतरवली.

सदानं ताटातलं सगळं संपवलं. उठला, हात धुतले, आत येऊन बहिणीच्या पाया पडला. दारातून बाहेर पडताना पोपटपाशी थांबला. "वळताना तुजा उजवा पाय मागं ऱ्हातो," तो म्हणाला. "तेवढं बघ." एवढंच बोलून तो गेला आणि सकाळच्या पहिल्या एसटीनं कर्जतला निघून गेला. गाळपाचा हंगाम अजून चालू होता. काम होतं, पगार होता. तो थांबला नाही.

वहिनी त्या रात्री नवऱ्याला एकच वाक्य बोलल्या. ते मी ऐकलं, कारण मी भांडी विसळत होते. "भोंग्याला पाव्हना नसंल," त्या म्हणाल्या. "मला हाय."

ढाल आम्ही जिंकली. आणि थोडक्यात नव्हे, समोरच्या टीमवर लोण चढवून चढवून. रशीदनं तर त्यांचं अंगण झाडून काढलं. पोपटनं एक पकड केली, एक सुटली, पण सुटल्यानं काही बिघडलं नाही. परत आलो तेव्हा उसाच्या ट्रॅक्टरवरून मिरवणूक निघाली. गुलाल, हलगी, पेढे. मीही पेढा खाल्ला. कॉलनीतल्या प्रत्येकानं खाल्ला. टपरीवर आता एकच बोलणं होतं, काळोख्यासारखा सरळ माणूस होणे नाही, सख्ख्या मेव्हण्याला बाजूला केलं. ज्या डायरेक्टरांनी वऱ्हाड म्हटलं होतं त्यांनीच काळोख्यांच्या गळ्यात हार घातला. सातही जण पर्मनंट झाले.

मिरवणूक चालू असतानाच काळोखे दवाखान्यात आले. कपाळावर गुलाल, गळ्यात हार. छातीत कसंतरी होतंय म्हणाले. मी नाडी बघितली, छाती तपासली. काही नव्हतं. ते बाकावरून उठेनात.

"सिस्टर, तुमच्या लोकांत पाप सांगून टाकायची सोय असती म्हनं."

आम्ही नगरचे ख्रिस्ती, त्यांना तेवढं ठाऊक होतं. मी सांगितलं की ती सोय कॅथलिकांत असते, आमच्यात नाही. आमच्यात ज्याचं त्यानं थेट देवाशी बोलायचं.

"मधी कोन न्हाई?"

"नाही."

"मंग अवघड हाय," ते म्हणाले, आणि हार काढून बाकावर ठेवला. मी त्यांची समजूत घालायला गेले. ढाल आली ना, म्हटलं, म्हणजे निवड चुकली नाही.

"त्याच्याबिगार आली खरी," ते म्हणाले. "पन त्याच्यासंगंबी आलीच असती. हे त्यालाबी ठावं हाय, मलाबी ठावं हाय. पोपट कच्चा हाय हे मला दिसत हुतं. मी पाय बघितलेच न्हाईत सिस्टर, लोकांची तोंडं बघितली. माजी कापडं धुऊन घेतली, पानी त्याच्या घरचं वापरलं."

 हार तिथंच राहिला. दुसऱ्या दिवशी झाडूवालीनं तो नेला.

त्यानंतर पाऊस आलाच नाही. बहात्तरचा दुष्काळ आमच्या जिल्ह्यानं कसा काढला ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. आमच्याकडे कालवा होता म्हणून थोडाफार ऊस उभा राहिला, पण गाळप आटोपतं घेतलं आणि हंगामी कामगारांना बोलावणंच गेलं नाही. पर्मनंट होते ते तेवढे टिकले. पगार उशिरा व्हायचा, पण व्हायचा. रशीदनं नगरहून आईला आणलं. पोपटचं लग्न ठरलं. कर्जतकडून बातमी आली की सदा दुष्काळी कामावर खडी फोडतो. टाइम ऑफिसच्या खिडकीत काळोखे तसेच बसायचे, पण आता उशिरा आलेल्या माणसाशी काही बोलत नसत. भोंग्याचं ते वाक्य त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही. पंगती बंद झाल्या. टीमचा सराव दुसऱ्याकडे दिला.

त्या दिवाळीची भाऊबीज मी विसरले नाही. आमच्या घरी हा सण नाही, पण कॉलनीत राहायचं तर सगळं बघायला मिळतंच. तोवर सदानं बहिणीची एकही भाऊबीज चुकवली नव्हती. वहिनींनी सकाळपासून पाट मांडून ठेवला, साखर जपून वापरायच्या दिवसांत चार करंज्या केल्या. दुपारची गाडी गेली, संध्याकाळची गेली. काळोखे फाट्यावरून एकटेच परत आले. दिवस मावळल्यावर वहिनी ताम्हण घेऊन अंगणात आल्या. पश्चिमेला बीजेची बारीक कोर होती. त्यांनी कोरीला ओवाळलं. ज्या बाईला भाऊ नाही तिनं चंद्राला ओवाळायचं, अशी रीत आहे. हे मला शेजारणीनं हळूच सांगितलं, आणि सांगताना तिनं तोंडाला पदर लावला. चार तासांच्या अंतरावर भाऊ धडधाकट होता, आणि ही बाई चंद्राला ओवाळत होती. काळोखे उंबऱ्यात उभे राहून ते सगळं बघत होते. ओवाळून झाल्यावर वहिनींनी त्यांच्याकडे न बघता करंज्या शेजारच्या पोरांना वाटून टाकल्या.

उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर पटकीची साथ येऊ नये म्हणून टोचण्या द्यायच्या होत्या. सरकारी नर्सेस पुऱ्या पडेनात म्हणून मला काही दिवस कर्जतकडे पाठवलं. माळावर दूरवर माणसंच माणसं. बायका, म्हातारे, सगळे हातोडीनं दगड फोडत बसलेले. संध्याकाळी ज्याचा त्याचा ढीग मोजून मजुरी ठरायची. टोचायला मी ओळीनं जात होते, आणि एकानं दंड पुढं केला तो सदाचा होता. डोळ्याला खडी फोडणाऱ्यांना देतात तो जाळीचा चष्मा. त्यानं मला ओळखलं. आक्का बरी आहे का, एवढं विचारलं.

तो रविवार होता. थोड्या वेळानं बघते तर काळोखे माळावरून चालत येतायत. दर रविवारी येतात आणि न बोलता बसतात, असं मुकादमानं मला सांगितलं. त्या दिवशी मात्र ते बोलायचं ठरवून आले होते. सदासमोर उकिडवे बसले. मी दोन हातांवर होते, सुया उकळत ठेवल्या होत्या, उठून जाणंही बरं दिसलं नसतं.

त्यांनी सांगितलं की ते राजीनामा देतायत. चेअरमनसाहेबांशी बोलणं झालंय. टाइम ऑफिसातल्या त्यांच्या जागेवर सदाला घ्यायचं साहेबांनी कबूल केलंय, पर्मनंट. ते आणि वहिनी इकडे वहिनींच्या गावाकडे येऊन राहतील. सगळं एका दमात बोलले आणि मग त्याच्या पायाकडे बघत राहिले.

सदानं हातोडी खाली ठेवली. "दाजी, तुमची जागा घिऊन मी काय करू?" तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "माजी हुती ती पायजे हुती."

"चुकलं माजं."

"चुकलं असतं तर सोडून दिलं असतं. तुमाला दिसत हुतं."

एवढं बोलून त्यानं पुन्हा हातोडी उचलली.  बाजूला पडलेली एक हातोडी घेऊन काळोखेही दगड फोडायला लागले, उन्हात, डोक्याला रुमाल बांधून. सदानं अडवलं नाही. संध्याकाळी मोजणीची वेळ झाली तेव्हा काळोख्यांनी फोडलेली खडी त्यानं घमेल्यानं उचलली आणि शेजारी बसणाऱ्या एका म्हातारीच्या ढिगावर टाकली. तिचा ढीग लहान होता. काळोखे ते बघत होते. त्यांनी मान हलवली, जसं काही हेच व्हायला हवं होतं, आणि गाडी गाठायला निघाले. राजीनामा त्यांनी मग दिला नाही. आता तो देऊन कोणाला काय मिळणार होतं?

त्या वर्षी पाऊस झाला. माणसं गावाला परतली, रस्ते तसेच अर्धे राहिले. सदानं बहिणीच्या वाट्याची थोडीफार जमीन कसायला घेतल्याचं कळलं, म्हणजे बोलणं अगदीच तुटलं नव्हतं. पण तो कारखान्यावर आला नाही. मला नगरच्या एका इस्पितळात काम मिळालं आणि मी निघाले तो नेमका भाऊबिजेचा दिवस होता. सकाळी वहिनींचा निरोप घ्यायला गेले, तर पाट मांडलेला होता. करंज्या झाकून ठेवल्या होत्या.

फाट्यावर ट्रंक घेऊन पोचले तर काळोखे रस्त्याच्या पलीकडे, नगरकडून येणाऱ्या गाड्या थांबतात तिथं उभे होते. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी. कानामागे पेन्सिल नव्हती. मला बघून रस्ता ओलांडून आले आणि माझी ट्रंक झाडाखाली नीट ठेवली. मी विचारलं, सदा येणार म्हणून निरोप आलाय का? नव्हता आला.

"आला तर काय म्हणाल त्याला?"

"काय न्हाई. पिशवी घेईन हातातली."

तेवढ्यात माझी गाडी आली. कंडक्टरला ट्रंक टपावर चढवायला त्यांनी हात लावला, मग माझ्या चपलांकडे बघितलं आणि टाच आता बरी दिसते म्हणाले. मी खिडकीशी जागा धरली. आमची गाडी सुटायच्या आत समोरून नगरची गाडी येऊन थांबली. काळोखे घाईनं रस्ता ओलांडून तिच्या दाराशी जाऊन उभे राहिले, मान खाली घालून. माणसं उतरायला लागली. कोणाच्या वहाणा, कोणाचे अनवाणी पाय, पैंजण, एक सरकारी बूट. ते एकेक पाय बघत होते, तोंड एकाचंही बघत नव्हते. शेवटी एक म्हातारी उतरली. तिला पायरी झेपेना, तेव्हा त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि तिला खाली उतरवलं. तिच्यामागून कोणी आलं नाही. कंडक्टरनं दार लावलं, घंटी दिली, गाडी निघून गेली. म्हातारी पिशवी मागत होती तरी ते ती हातात धरून तसेच उभे होते, गाडीचं दार जिथं होतं त्या जागेकडे बघत.

आमच्या गाडीनं वळण घेतलं तेव्हा ते दिसेनासे झाले. ऊन अजून बरंच होतं. संध्याकाळची एक गाडी यायची होती, आणि कोर दिसायला तेवढाच वेळ होता.